अडलं कुठे तेवढं सांगा

आमच्या सॉफ्टवेअरच्या ट्रायलसाठी नोंदणी करणारे वाढत होते आणि ते प्रत्यक्ष वापरणाऱ्यांचा आकडा जागचा हलत नव्हता. यावरून आमच्या कंपनीत सरळ दोन तट पडले होते. सेल्सवाले म्हणत, मार्केटिंग कचरा लीड, म्हणजे ग्राहक होऊ शकतील अशा लोकांची नावं, पाठवतं. आमचे विभागप्रमुख म्हणत, लीड उत्तम आहेत, सेल्सवालेच वेळेवर फोन करत नाहीत. मधल्या मध्ये मी. जाहिराती माझ्याकडे, नोंदणीचं पेज माझ्याकडे, नोंदणीनंतर जाणाऱ्या मेल माझ्याकडे आणि पुढच्या तिमाहीत जाहिरातींचं बजेट वाढवावं की नाही, याची शिफारसही मलाच लिहायची होती. सॉफ्टवेअर छोट्या दवाखान्यांसाठीचं होतं. अपॉइंटमेंट, रुग्णांना आठवण करून देणारे संदेश, बिलं, असं सगळं एका जागी.

शिफारस लिहायच्या आदल्या संध्याकाळी आमच्या गटाची बैठक होती. मार्केटिंगमध्ये काम करणारे आम्ही काही जण महिन्यातून एकदा जमतो. कोणी औद्योगिक पंप विकतं, कोणी विमा, कोणी पुस्तकं, कोणी ऑफिसचं फर्निचर. एकमेकांचे स्पर्धक घ्यायचे नाहीत हे पहिलं पथ्य. कंपनीचं नाव, ग्राहकांची नावं आणि रकमा झाकून आणायच्या आणि साहेबांना सांगून आणायच्या, हे दुसरं. तिसरं पथ्य सगळ्यात जाचक आहे. ज्याचं काम टेबलावर आहे त्याने पहिली दहा मिनिटं तोंड उघडायचं नाही. समोरचा माणूस आपलं पेज भलतंच वाचत असतो, ‘अहो, तसं नाही ते’ हे शब्द ओठांवर येतात आणि गिळावे लागतात. पण खरा ग्राहक वाचतो तेव्हा तरी त्याला समजावून सांगायला आपण कुठे शेजारी उभे असतो?

याआधी मी मोठमोठ्या व्यावसायिक मेळाव्यांना जात असे. ओळखी व्हायच्या, कार्डं जमायची, कुणी आपलं काम दाखवलं की ‘छान झालंय’ म्हणून माना डोलायच्या. त्या ‘छान झालंय’ने कुणाच्या कामात काडीचा फरक पडलेला मी पाहिला नाही. उलट तिथून परतताना उगाच दोन बोटं स्वर्ग उरल्यासारखं वाटायचं, ते नुकसान वेगळंच.

गटाची सूत्रं सांभाळणारे सर आधी प्रश्न लिहून मागतात. ‘कसं वाटतंय?’ असला प्रश्न आला तर परत पाठवतात. माझा प्रश्न होता, ‘हे पेज आणि पहिली मेल वाचून दवाखान्यातला माणूस पुढचं पाऊल टाकेल का? नसेल तर तो कुठल्या ओळीपाशी थांबेल?’ पेजची आणि मेलची छापील प्रत मी प्रत्येकाच्या हातात दिली आणि गप्प बसले.

पंपवाले सर बोट ठेवून मोठ्याने वाचतात. ही त्यांची जुनी सवय. नवीन आलेल्यांना हसू येतं, पण वाचताना त्यांचा आवाज जिथे मंदावतो तिथे काहीतरी हमखास बिघडलेलं असतं. शीर्षक त्यांनी झरझर वाचलं. नाव, मेल, फोन, दवाखान्याचं नाव, डॉक्टर किती, असा आमचा फॉर्मही भराभर गेला. तो लांब आहे, लहान करा, असा धोशा आमच्या विभागप्रमुखांनी लावला होता, म्हणून मी तिकडे कान देऊन होते. तिथे काहीच झालं नाही. मग मेलमधली पहिली सूचना आली : ‘सुरुवात करण्यासाठी आपल्या रुग्णांची यादी अपलोड करा.’ सरांचं बोट तिथे थांबलं. त्यांनी ओळ पुन्हा वाचली.

“ही यादी माझ्या हातात आहे का?” ते म्हणाले. मी गप्प. “म्हणजे असं बघा, मी काउंटरवर बसतो. फॉर्म मी भरलाय. आता रुग्णांची नावं, फोन नंबर बाहेरच्या कुठल्यातरी सॉफ्टवेअरमध्ये टाकायचे म्हणजे डॉक्टरांना विचारायला हवं. आणि विचारायला गेलो तर सांगू काय? मलाच अजून काही दिसलेलं नाही.”

विमा कंपनीतली मुलगी म्हणाली, “मी इथे मेल बंद केली असती. नंतर बघू म्हणून. आणि नंतर बघितलं नसतं.” पुस्तकवाले त्याच ओळीखाली पेन्सिलने रेघ मारून बसले होते.

मग उपायांचा पाऊस पडला. विमावाली म्हणाली, वर सुरक्षिततेची हमी देणारं चिन्ह टाका, मोठं. पंपवाले म्हणाले, तांत्रिक माहितीचं एक पान जोडा, डॉक्टरांना दाखवता येईल. पुस्तकवाले म्हणाले, आम्ही एखादं प्रकरण फुकट वाचायला देतो, तुम्हीही खोटी नावं घालून एक भरलेला दवाखाना दाखवा. फर्निचरवाल्याचं म्हणणं, पेज अर्ध्यावर आणा आणि बटण नारिंगी करा. त्याचं दर वेळी हेच असतं.

माझ्या वहीत अशा वेळी पानाच्या मधोमध एक उभी रेघ असते. डावीकडे कोण कुठे थांबलं, उजवीकडे कोणी काय सुचवलं. त्या दिवशी उजव्या बाजूला प्रत्येकाचं वेगळं होतं, काही तर एकमेकांच्या उलट. डाव्या बाजूला मात्र बहुतेकांची एकच ओळ. माझं मत असं झालंय की वाचक जिथे अडतो ती जागा त्याची स्वतःची असते, तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. उपाय मात्र तो आपल्या धंद्यातून आणतो. पंप विकणाऱ्याला खरेदी खात्याला माहितीपत्रक द्यायची सवय, विमा विकणाऱ्याला विश्वास मिळवायची. त्यांचे उपाय वाईट नसतात, फक्त ते त्यांच्या ग्राहकासाठी असतात. फीडबॅक घेऊन गोंधळून जाणारी बरीच मंडळी मी पाहते. ती पानाची उजवी बाजूच तेवढी घेऊन घरी जातात.

आकड्यांचं काम करणारी आमची एक मैत्रीण तोवर काही बोलली नव्हती. तिने माझ्या तक्त्यातल्या ‘ओपन रेट’च्या, म्हणजे किती जणांनी मेल उघडली त्या प्रमाणाच्या, ओळीवर सरळ काट मारली. ॲपलने २०२१ मध्ये आपल्या मेल ॲपमध्ये प्रायव्हसी प्रोटेक्शन आणलं. ज्यांनी ते चालू केलंय, त्यांच्या मेलमधली चित्रं ॲपलचे सर्व्हर आधीच उतरवून घेतात. मेल उघडली का हे मोजणारं अदृश्य चित्रही त्यात आलं. म्हणजे माणसाने मेलकडे ढुंकून पाहिलं नाही तरी आपल्या तक्त्यात ती उघडलेली दिसते. “या आकड्यावर मान डोलावू नकोस,” ती म्हणाली. “पहिली अपॉइंटमेंट किती जणांनी टाकली ते सांग. आणि हे मेलचे पत्ते कसले आहेत गं? माणसांच्या नावाचे की रिसेप्शन, इन्फो असले?”

दहा मिनिटं संपली होती, मला बोलायची मुभा होती, पण सांगण्यासारखं एवढंच होतं की हो, ढिगाने रिसेप्शन आहेत.

तिने पुढचा धागा ओढला. जाहिरातीच्या यंत्रणेला तू ‘नोंदणी’ हे लक्ष्य दिलंयस ना? मग ती नोंदणी करणारी माणसं शोधून आणते. चटकन फॉर्म भरणारी. सॉफ्टवेअर घ्यायचं की नाही हे ठरवणारी माणसं तू मागितलीच नाहीस, तर ती कशाला आणेल? ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये पतधोरणाच्या संदर्भात जे म्हटलं होतं ते इथे चपखल बसतं : एखाद्या आकड्यावर नियंत्रणासाठी दाब आणला की तो आधीसारखं काही सांगेनासा होतो. आमच्या नोंदण्यांचं नेमकं तेच झालं होतं. सेल्स आणि आमचे साहेब एकाच आकड्यावरून भांडत होते आणि दोघांनाही जे हवं होतं ते त्या आकड्यात नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी शिफारस लिहिण्याआधी मी सेल्सच्या प्रमुखांकडे गेले. म्हटलं, “सर, सकाळचा वेळ द्या, नोंदणी केलेल्यांना तुमच्यासमोर मी फोन करते.” स्पीकर चालू ठेवला. एक बाई म्हणाल्या, “मॅडम, दिवसभर फोन घेऊन घेऊन जीव जातो, म्हणून मी फॉर्म भरला. डॉक्टरसाहेबांना अजून बोलले नाही. बोलायचं आहे, पण त्यांना पेशंटमधून वेळ कुठे असतो?” दुसरीकडे एका मुलाने, यादी टाकली आणि काही गडबड झाली तर माझ्यावर येईल, असं स्वच्छ सांगितलं. सेल्सचे सर ऐकत होते. कचरा हा शब्द त्यानंतर त्यांच्या तोंडून आला नाही. त्यांची माणसं फोन करत होती हेही खरं होतं, फक्त ज्याला होकार द्यायचा अधिकार नाही त्याच्याकडे होकार मागत होती.

शिफारस मग तिथल्या तिथे लिहून झाली. बजेट आहे तेवढंच ठेवा. जाहिरातीचं लक्ष्य नोंदणीवरून पहिल्या अपॉइंटमेंटवर आणा. यादी मागण्याआधी खोट्या नावांनी भरलेला दवाखाना दाखवा. आणि काउंटरवरच्या माणसाला डॉक्टरांपुढे ठेवता येईल असं एक पानी पत्र द्या : काय आहे, माहिती कुठे राहते, नको असेल तर कशी पुसायची. पुस्तकवाल्यांचा उपाय जवळजवळ जसाच्या तसा घेतला होता, पंपवाल्यांचा अर्धा. नारिंगी बटण तेवढं बाजूला राहिलं.

पत्र आणि भरलेला दवाखाना, हे दोन्ही बदल एकदम केले तर श्रेय कुणाचं ते कळणार नाही, म्हणून आधी पत्र तपासायला घेतलं. निम्म्या नव्या लोकांना जुनी मेल, निम्म्यांना पत्राची. किती लोक होईपर्यंत थांबायचं ते मैत्रिणीने आधीच ठरवायला लावलं आणि मधे डोकावायचं नाही अशी तंबी दिली. रोज निकाल बघायचा आणि आपलं घोडं पुढे दिसलं की शर्यत थांबवायची, असं केलं तर चुकीचा निष्कर्ष निघण्याची जी शक्यता आपण आधी ५ टक्के धरलेली असते, ती बरीच वर जाते. विभागप्रमुख रोज विचारायचे. मी रोज तारीख सांगायचे. त्यातच नवं लक्ष्य दिल्यामुळे नोंदण्या घसरल्या आणि साहेबांचा चेहरा उतरला, तेव्हा तारखेवर ठाम राहणं सोपं नव्हतं. पण पत्र मिळालेल्यांमध्ये पहिली अपॉइंटमेंट टाकणारे स्पष्ट जास्त निघाले. भरलेल्या दवाखान्यानेही नंतर फायदा झाला, पत्राइतका नाही.

त्या वर्षाच्या मूल्यमापनात माझं काम नोंदण्यांवर मोजणं बंद झालं आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीमच्या बैठकीत मला बोलावणं येऊ लागलं. मार्केटिंगमध्ये बढती म्हटली की मोठं बजेट आणि हाताखाली माणसं एवढंच डोळ्यांसमोर येतं. मला त्या खुर्चीत बसायला मिळणं जास्त मोलाचं वाटलं, कारण नोंदणीनंतर काय होतं ते तिथे ठरतं. पुढे नोकरी बदलताना पंपवाल्या सरांनी माझ्यासाठी शब्द टाकला. माझ्या कॅम्पेनबद्दल ते काही बोलले नव्हते म्हणे. ही बाई आपलं काम फाडलं जात असताना गप्प बसून लिहून घेते, एवढंच त्यांनी सांगितलं होतं.

मी त्या कंपनीत असतानाच पत्राचं पुढे असं झालं की सेल्सलाही ते आवडलं. त्यांनी ते आपल्या फोनमागोमाग पाठवायला घेतलं आणि घेताना त्यात स्वतःची दोन वाक्यं घातली, सवलतीची मुदत सांगणारी. पुढच्या बैठकीला मी ती नवी प्रत नेली. पंपवाले सर बोट ठेवून वाचत गेले आणि नेमके पहिल्या जादा वाक्यापाशी थांबले. मी वहीत डावीकडे तेवढं उतरवून घेतलं आणि सकाळी सेल्सच्या सरांना फोन लावला.