गोधडी शिकायची तर आधी काय आणावं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. इंदुरात थंडीची चाहूल लागली की हा प्रश्न हमखास येतो: ‘गोधडी शिवायला शिकायचंय, सामान काय काय आणू?’ बहुतेकींच्या हातात तेव्हा एक लांबलचक यादीही असते. गोल पात्याचा कटर, त्याखालची चटई, काचेसारखी पट्टी, लाकडी फ्रेम. यातलं काहीही आज नको. सगळ्या थरांतून सुई सरळ आणि विनासायास आरपार गेली पाहिजे, एवढ्यावरच हे काम उभं आहे. सुईची वाट सोपी करतं ते सामान आधी आणा.

पहिलंच काम पलंगाच्या मापाचं धरू नका. ३० बाय ३६ इंचांचं बाळाचं दुपटं घ्या. ६ इंची चौकोनांच्या सहा ओळी, एका ओळीत पाच, म्हणजे तीस चौकोन. खालचे सगळे आकडे याच मापाचे आहेत.

कापडाला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण कापड चुकलं की पुढे चांगली सुईही कामाला येत नाही. वर्षानुवर्षं धुतलेली सुती साडी सर्वांत उत्तम. तिची वीण सैलावलेली असते, चार थरांतूनही सुई अडत नाही. साडी उजेडासमोर धरून बघा. जिथे जाळी दिसते आणि जिथे निऱ्यांच्या घड्यांवर कापड कुजलंय, तो भाग सोडा. नवी, घट्ट विणीची चादर अस्तराला लावली की सुई वाकते आणि बोटं सोलतात. महेश्वरी साडीचा मोह आवरा. तिच्यात बहुधा ताणा (उभा धागा) रेशमाचा, बाणा (आडवा धागा) सुताचा असतो. कापल्यावर कडा सुटतात आणि धुतल्यावर दोन्ही धागे सारखे आटत नाहीत.

नवे तुकडे लागले तर टेलरकडे सुती कतरन (उरलेले तुकडे) मागा, नाहीतर राजवाड्याच्या आसपासच्या मॅचिंग सेंटरमधून साधं रुबिया किंवा केंब्रिक (पातळ सुती कापड) घ्या. एम. टी. क्लॉथ मार्केट या कापडाच्या मोठ्या बाजारापर्यंत जायची गरज तीस चौकोनांना नाही. सुती म्हणून दिलेलं कापड सुतीच आहे का, ते एक धागा जाळून कळतं. सूत कागदासारखं जळून राख होतं, पॉलिएस्टरची वितळून टणक गुठळी होते. नवं कापड कापण्याआधी धुवाच. तसंच शिवलं तर ते पुढे आटतं आणि शेजारच्या जुन्या, नाजूक तुकड्याला ओढून फाडतं. बाग प्रिंटसारख्या गडद लाल-काळ्या कापडावर ओलं पांढरं फडकं दाबून इस्त्री फिरवा. फडक्यावर डाग आला तर पुन्हा धुवा, आणि तरीही येत राहिला तर तो तुकडा दुपट्यात नको. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो, या समजुतीवर बाळाचं दुपटं सोडू नका.

आता सुई. सुईचा नंबर वाढतो तशी ती बारीक होते. दुपट्याला भरतकामाची, मोठ्या नेढ्याची ५ नंबरची सुई बरोबर बसते. दाभण पोत्यांसाठी, त्याची भोकं कापडात राहून जातात. दोरा ८ नंबरचा पर्ल कॉटन (पीळदार, चमकदार भरतकामाचा सुती दोरा) घ्या. एक-एक इंचावर ओळी घातल्या तर टाक्यांची लांबी साधारण सत्तावीस मीटर होते. गाठी आणि शेपटं धरून चाळीस मीटर पुरतो, आणि १० ग्रॅमच्या एका गोळ्यात ऐंशीच्या आसपास मीटर असतो. एका वेळी हातभर, म्हणजे अठरा इंच दोरा ओवा. त्याहून लांब घेतला की नेढ्याजवळ झिजतो आणि गुंता होतो.

अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलायला बोटावर घालायची टोपी, मात्र पहिल्या दिवसापासून घाला (इथल्या दुकानात ‘अंगुश्ताना’ म्हणून मागा). मधल्या बोटावर घट्ट बसेल असं घ्या, हात खाली सोडल्यावर गळून पडता कामा नये. त्याच्याशिवाय बोट दुखतं म्हणून सुई तिरकी ढकलली जाते. मग वर टाका दिसतो, पण खालच्या अस्तरापर्यंत पोचतच नाही.

कात्री आठ-नऊ इंची, फक्त कापडासाठी. घरात कुणी तिने कागद कापला की धार गेलीच. चौकोन साडेसहा इंचांचे कापा, पाव-पाव इंच शिवणीत जाईल. इथे अचूकपणा हवा, कारण प्रत्येक जोडात एक सूत (इंचाचा आठवा भाग) जास्त खाल्लं तर एका ओळीच्या चार जोडांत चार सूत, म्हणजे अर्धा इंच गेला, आणि दोन ओळींचे कोपरे जुळणार नाहीत. खुणेला टेलरचा खडू पुरे. पाण्याने पुसणारं पेन वापरलंत तर रेषा धुतल्याशिवाय इस्त्री करू नका, उष्णतेने ती कायमची बसते.

कच्चा टाका, म्हणजे थर तात्पुरते एकत्र धरणारी शिवण, ही सगळ्यात जास्त टाळली जाणारी पायरी. अस्तर चारी बाजूंनी दोन इंच मोठं, ३४ बाय ४० इंचांचं ठेवा. ते फरशीवर ताणून कडा टेपने चिकटवा. त्यावर जुन्या साडीचे दोन थर आणि सगळ्यात वर जोडलेले चौकोन. प्रत्येक थर मधून कडेकडे हाताने सपाट करा आणि चार-चार इंचांवर लांब कच्चे टाके मधूनच बाहेर घाला. सेफ्टी पिनांनीही चालतं, साठ-सत्तर लागतील. पण पावसाळ्यात पिना लावून काम ठेवून देऊ नका, गंजाचा डाग निघत नाही. कच्चा टाका चुकवला की मधले थर सरकतात आणि पाठीला अशी चुणी बसते, जी उसवल्याशिवाय सुटत नाही.

मग धावदोरा, इंचाला चार टाके, तीन-चार टाके सुईवर घेऊन एकदम ओढायचे. गाठ थरांमध्ये लपवा. प्रत्येक ओळीनंतर दुपटं सपाट ठेवून तळहात फिरवा. कापड गोळा झालं असेल तर दोरा जास्त ओढला गेलाय, तो तिथल्या तिथे सैल करा.

कडेला अडीच इंची पट्टी दुमडून लावा. परिघ १३२ इंच, जोड आणि कोपऱ्यांसाठी दहा वाढवा, म्हणजे ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून चार पट्ट्या. धुतल्यावर दुपटं दोरीवर एका कडेने टांगू नका, पाण्याच्या वजनाने टाके तुटतात. सावलीत, खाटेवर पसरून वाळवा.