तुम्ही विचारलंत म्हणून: गॅरेजमधले दोन नळ

गणपतीत विचारलंत, मुलाच्या वाढदिवसाला विचारलंत, परवा तर बर्फ उपसता उपसता फोनवर विचारलंत, की काय रे, घरात बीअरचे नळ कशाला बसवलेस, कॅन आणून पी की गपचूप. दरवेळी मी फेसावर घसरतो, प्रेशर, पाइपची लांबी वगैरे, आणि समोरचा पाच मिनिटांत समोशाकडे वळतो. हे मला कळतं. फेसाचं बोलणं सोपं पडतं म्हणून मी तेच बोलतो. आज जरा नीट सांगतो, म्हणजे प्रयत्न करतो.

आधी माझी बाजू. मी बीअर घरी करतो हे तुम्हाला माहीतच आहे, मिशिगनमध्ये थंडी सहा महिने असते, माणसाने करायचं काय. बेकायदा काही नाही. १९७८ साली कार्टरने सही केलेल्या कायद्याने घरी बीअर करायला केंद्र सरकारची मोकळीक मिळाली, दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, फक्त विकायची नाही. (सांगलीचा मावसभाऊ दर दिवाळीला म्हणतो मलाही असं करून दे. बाबा रे, तिकडे नुसती प्यायलाही परमिट लागतं, घरी गाळलीस तर दारूबंदी खात्याचे लोक येतील.) तर एका वेळी पाच गॅलन होते. ती बाटल्यांत भरायची म्हणजे पन्नासेक बाटल्या घासा, निर्जंतुक करा, साखर घाला, बुचं ठोका, वर दोन-तीन आठवडे थांबा, आणि किचनचा ओटा दिवसभर माझ्या ताब्यात म्हणजे बायकोचं तोंड दिवसभर वाकडं. केगमध्ये, म्हणजे बीअरच्या मोठ्या टाकीत भरायची तर एकच भांडं धुवायचं. संपलं. हे कारण शंभर टक्के खरं आहे.

केगही काही भारी नाहीत, जुन्या कॉर्नी आहेत, कोक-पेप्सीवाले पूर्वी सिरप ज्यात पाठवायचे त्या स्टीलच्या उभ्या टाक्या. ते पुढे प्लॅस्टिकच्या पिशवीवर गेले आणि या टाक्या आमच्यासारख्यांच्या नशिबी आल्या. माझ्या पेप्सीच्या, बॉल लॉक नावाच्या जोडाच्या. सात क्यूबिक फुटांचा जुना चेस्ट फ्रीझर घेतला, झाकण आणि पेटीच्या मध्ये लाकडी चौकट बसवली, चौकटीतून दोन नळ काढले, फ्रीझर गोठू नये म्हणून बाहेरून टेम्परेचर कंट्रोलर लावला, ३८ फॅरनहाइटवर. शेजारी पाच पौंडांचा सीओटू सिलिंडर, बीअर नळापर्यंत ढकलायला आणि तिच्यात गॅस टिकवायला. सगळे मिळून नऊशेच्या आसपास डॉलर गेले. बायकोला साडेपाचशे सांगितले होते, आता तिलाही कळेल.

पहिल्या दिवशी ग्लासभर नुसता फेस. मी पाइप चार फुटी लावला होता, दिसायला सुटसुटीत. प्रेशर बारा पीएसआय, आणि एवढ्या आखूड पाइपमधून बीअर सुसाट येते, नळाशी प्रेशर एकदम उतरतं आणि विरघळलेला गॅस सगळा बाहेर. सगळे म्हणतात प्रेशर कमी कर, पण कमी केलं की दोन आठवड्यांत बीअर मिळमिळीत. उपाय म्हणजे पाइप लांब करायचा, आतून तीन-सोळांश इंचाचा, दहा फूट, म्हणजे वाटेत घासून घासून तिचा जोर कमी होतो. दहा फूट पाइपचं वेटोळं केगवर ठेवलं आणि तिसऱ्या ग्लासाला दोन बोटं फेस, बाकी सोनं. त्या संध्याकाळी मला जे वाटलं ते मला बारावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं.

बघा, परत फेसावरच गेलो.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आई-अण्णा आले होते. अण्णा किर्लोस्करवाडीत पस्तीस वर्षं फिटर, आयुष्यात दारूला शिवले नाहीत. धाकटा काका सेहेचाळिसाव्या वर्षी कशाने गेला हे आमच्या घरात कोणी बोलत नाही आणि मीही इथे जास्त बोलणार नाही. मला वाटलं होतं नळ बघून काहीतरी म्हणतील. काही म्हणाले नाहीत. चौकटीवरून हात फिरवला, "कोपरे काटकोनात हायत की," एवढंच.

जुलैच्या शेवटी एका गुरुवारी गॅस संपला. पाच पौंडांचा सिलिंडर मला पाच-सहा महिने सहज पुरतो. हा तीन आठवड्यांत गेला. शनिवारी बदलून आणला, मंगळवारी काटा परत खाली. आणि बुधवारी रात्री केगही रिकामी होऊन फुसफुसली, ती भरून जेमतेम तेरा दिवस झाले होते. सकाळी चहा घेताना मी म्हणालो, कुठेतरी गळती आहे, गॅसही चाललाय आणि बीअरही. हे वाक्य मी म्हणालो. लक्षात ठेवा, मीच.

दुपारी गॅरेजमध्ये गेलो तर अण्णा हजर, वाटीत भांडी घासायच्या साबणाचं पाणी आणि हातात स्वतःचा दाढीचा ब्रश. घरी गॅसचा सिलिंडर बदलला की ते कायम साबणाचा फेस लावून बघायचे, बुडबुडा आला की गळती. मला म्हणाले, अजून थोडा उरलाय, चालू कर. मग एकेक जोड घेतला, केगच्या झाकणाची कड, मग गॅसचा जोड, मग नळीवरची क्लिप, प्रत्येक ठिकाणी ब्रश दोनदा फिरवायचा आणि मनात आकडे मोजत असल्यासारखं थांबायचं. काही नाही. शेवटी रेग्युलेटर सिलिंडरला जिथे बसतो तिथे लावलं आणि नटाच्या कडेला एक बुडबुडा हळूहळू फुगला, लिंबाएवढा झाला, फुटला, लगेच दुसरा. आतला नायलॉनचा वॉशर पार चपटा. "वायसर गेलाय," म्हणाले. डब्यात जादा आलेला होता तो घातला, पान्याने आवळलं, परत फेस लावला, बुडबुडा नाही.

मग त्यांनी रेग्युलेटरवरचा मोठा काटा दाखवून विचारलं, हा भरलेलं किती ते दाखवतो का? मी म्हणालो नाही, आत सीओटू द्रवरूपात असतो, तो शेवटचा थेंब असेपर्यंत काटा एकाच जागी राहतो आणि मग एकदम पडतो, म्हणजे पडला तेव्हा उशीरच झालेला असतो. ते म्हणाले आपल्या गॅससारखंच की, वजन केल्याशिवाय कळत नाही. सिलिंडरच्या मानेवर रिकाम्याचं वजन ठोकलेलं होतं तेही त्यांनी शोधून काढलं, मी चार वर्षांत बघितलं नव्हतं.

आणि जाता जाता फ्रीझरमध्ये वाकून तळाला हात लावला. बोटं एकमेकांवर घासली. "खाली कोरडं हाय," म्हणाले. "ती गळली असती तर चिकट लागलं असतं." मी म्हणालो हो, बघू. ब्रश धुऊन ते आत गेले.

मी विषय तिथे सोडून दिला. नवीन केग लावली, ऑगस्ट होता, पाहुणे होते, सगळं छान. सतरा-अठरा तारखेला डाव्या नळाचा पाइप धुवायला काढला, दर दोन आठवड्यांनी धुवावा लागतो नाहीतर आत शेवाळ्यासारखं काहीतरी धरतं आणि बीअरला आंबूस वास येतो, तर आत डोकं घातलं आणि चौकटीच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं. अण्णांचं अक्षर, ते तीन काढतात तो ओळखू येतो.

५/८ – २३.१
शनि. पाहुणे ४ ग्लास
९/८ – १८.४
१३/८ – १३.०
१७/८ – ८.२

आधी काही कळेना. मग कळलं. पहाटे सगळे झोपलेले असताना ते गॅरेजमध्ये येत होते, केगच्या दोन्ही नळ्या काढून, सायकल छताला टांगायची जी कप्पी आहे तिच्या दोरीला बॅगा मोजायचा वजनकाटा अडकवून केग वर ओढत होते, आकडा लिहून परत जागच्या जागी. त्र्याहत्तराव्या वर्षी. भरलेली कॉर्नी बरोबर विमानातल्या बॅगेइतकी, तेवीस किलो.

मी आत जाऊन विचारलं, अण्णा हे काय आहे?

"गळती हाय का बघत होतो. तूच म्हणाला होतास."

"मग?"

"नाही गळत."

आता इथे मी शांतपणे काहीतरी बोललो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. मी ओरडलो. माझ्या घरात माझ्या पाळतीवर राहता का, असं म्हणालो. वर्षाला २०० गॅलन कायद्यात बसतं हे म्हणालो, म्हणजे वर्षाला चाळीस केग, जसं काही त्यांनी माझ्यावर केस टाकली होती. फेसात किती वाया जातं ते म्हणालो. आणि मग म्हणालो, मी म्हणजे काका नाही. आईने मिक्सर बंद केला. काकाचं नाव त्या घरात आलं नव्हतं, अण्णांनी तर नाहीच काढलं, मीच काढलं.

ते उठून अंगणात जाऊन बसले. रात्री जेवताना भेंडीची भाजी चांगली झाली म्हणाले.

हिशेब मी नंतर केला, अर्थातच केला. बारा दिवसांत पंधरा किलो, म्हणजे एकतीस पाइंट. पाहुण्यांचे चार त्यांनी आधीच बाजूला काढलेले. बायको घोट घेऊन बघते तेवढंच. माझे सत्तावीस, दिवसाला सव्वादोन. आता सव्वादोन म्हणजे काही आभाळ कोसळलं नाही, मी ऑफिसला जातो, मुलाला पोहायला नेतो, रात्री गाडी काढत नाही. पण मी एक सांगत होतो. बायकोला एक, डॉक्टरकडच्या फॉर्मवर आठवड्याला सात. आणि ती माझी साडेसहा टक्क्यांची, मोठ्या ग्लासातली, इथल्या हिशेबात तसला एक ग्लास म्हणजे पावणेदोन ड्रिंक. आठवड्याला सात नाही हो, सत्तावीस-अठ्ठावीस ड्रिंक. मी खोटं बोलत होतो का? नाही, खरंच सांगतो, मला एकच वाटत होता. बाटल्या होत्या तेव्हा रिकाम्या बाटल्या ओट्यावर उभ्या असायच्या, सकाळी दिसायच्या. नळाला काय, अर्धा घ्यायचा, मग अजून जरासा, ग्लास तोच. ग्लास तर एकच होता ना.

चार वर्षांपूर्वी मी ग्रुपवर मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की केगमुळे पिणं उलट कमी होतं, कारण हवा तेवढाच घोट घेता येतो, अख्खी बाटली संपवायची सक्ती नाही. तुमच्यापैकी दोघांनी ते वाचून फ्रीझर घेतला. मी तेव्हाचं ते सगळं खोडत नाही, हवा तेवढाच घेता येतो हे बरोबरच आहे. हवा किती असतो हे मी लिहिलं नव्हतं.

पण मग काढून टाक की, असं बायको म्हणते. तेही पटत नाही. कोपरे काटकोनात आहेत. नऊशे डॉलर आहेत. शनिवारी माल्ट शिजताना गॅरेजमध्ये जो वास सुटतो तो आहे, मुलगा येऊन थर्मामीटर धरतो तो आहे. आणि खरं सांगू का, मला ती आवडते.

ऑक्टोबरमध्ये ते परत गेले. निघायच्या आदल्या रात्री हॉलमध्ये बॅगा मोजत होतो, तोच काटा. आईची बॅग २३.१ भरली. अण्णा हसले. मी चिवड्याचं एक पाकीट बाहेर काढलं.

त्यांचे आकडे पुसलेले नाहीत, खाली मी माझे लिहायला लागलो. पहिल्या केगचे दर चार दिवसांनी, व्यवस्थित. दुसरीचे आठवड्याने. आता जी लागली आहे तिचा एकच आकडा आहे, २२.९, तारीख दोन आठवड्यांपूर्वीची. काट्यातला सेल संपलाय बहुतेक.