अस्सल तेलाचा तपास

तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या प्रयोगशाळेत वंगणतेलांची तपासणी होते आणि बहुतेक नमुने कारखान्यांतून येतात. कॉम्प्रेसरचे तेल, गिअरबॉक्सचे तेल, जहाजावरच्या जनरेटरचे तेल, असा तो रोजचा ओघ असतो. खासगी मोटारीच्या इंजिनातले तेल तपासायला कोणी स्वतः येणे क्वचितच घडते. त्यातही गाडीच्या मालकीणबाई आणि गॅरेजचे मालक दोघेही एकत्र यावेत, आणि ते एकमेकांवरचा विश्वास उडाल्यामुळे यावेत, असे मी आमच्याकडे पूर्वी पाहिले नव्हते.

बाई डोंबिवलीत दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर होत्या. त्यांच्याकडे बीएस-६ या प्रदूषण-नियमांनुसार बनलेली डिझेल एसयूव्ही होती. इंजिन ऑइल बदलून जेमतेम साडेचार हजार किलोमीटर झाले होते, तोच डिपस्टिकवरची, म्हणजे तेल मोजायच्या पट्टीवरची, पातळी वरच्या खुणेच्याही वर चढली होती, तेल हाताला पातळ लागत होते आणि डीपीएफचा, म्हणजे सायलेन्सरच्या मार्गातल्या काजळी अडवणाऱ्या गाळणीचा, दिवा वारंवार लागत होता. त्यांनी मागून घेऊन सर्वांत महागडे फुल्ली सिंथेटिक ऑइल भरून घेतले होते, त्यामुळे कॅनमध्ये डुप्लिकेट माल होता अशी त्यांची खात्री झाली होती. गॅरेजचे मालक मात्र अधिकृत वितरकाचे बिल सोबत घेऊनच आले होते आणि या आरोपाने मनातून फार दुखावले गेले होते.

त्यांनी पाण्याच्या बाटलीतून थोडे तेल आणले होते, पण ते मी घेतले नाही. बाटलीतले दोन थेंब पाणी किंवा तळाचा गाळसुद्धा निष्कर्ष फिरवू शकतो, आणि जिथे दोन पक्षांत वाद आहे तिथे नमुना कोणी, कुठून आणि कसा काढला याला आकड्यांइतकेच महत्त्व असते. गाडी खाली उभीच होती. इंजिन गरम असतानाच डिपस्टिकच्या नळीतून हातपंपाने तेल ओढून घेतले, गॅरेजमध्ये उरलेला अर्धा कॅन मागवला आणि त्याच बॅच क्रमांकाचा एक सीलबंद कॅनही घेतला. तिन्ही बाटल्यांवर दोघांच्या सह्या घेतल्या. इंजिनातल्या तेलाच्या बाटलीचे झाकण लावता लावताच डिझेलचा वास आला होता, पण वासावर अहवाल लिहिता येत नाही, म्हणून मी त्या वेळी काही बोलले नाही.

सीलबंद कॅनमधले तेल तपासताना मला स्वतःला त्याच्या दर्जाचे कौतुक वाटले. १०० अंश सेल्सिअसला त्याची व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, १४.१ सेंटिस्टोक भरली. ४० ग्रेडच्या तेलासाठी ती १२.५ ते १६.३ च्या दरम्यान असावी लागते, म्हणजे ती अगदी योग्य जागी होती. नोआक चाचणीत तेल २५० अंशांवर तासभर तापवून किती टक्के वाफ होऊन उडते ते पाहतात. तिथे घट जेमतेम नऊ टक्के आली, आणि या वर्गातल्या तेलांना १३ टक्क्यांपर्यंत मुभा असते. कॅल्शियम, जस्त, फॉस्फरस ही मिश्रणद्रव्ये भरपूर होती. आम्ल मारण्याची क्षमता दाखवणारा टीबीएन दहाच्या वर होता. अर्ध्या कॅनमधल्या तेलाचा इन्फ्रारेड आलेख सीलबंद कॅनच्या आलेखाशी तंतोतंत जुळला. भेसळीची शंका घ्यावी असे काहीही कुठे सापडले नाही.

गाडीतल्या तेलाची कहाणी मात्र वेगळी होती. त्याची व्हिस्कॉसिटी १०.३ वर उतरली होती. फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला तेलाची वाफ ज्योत दाखवताच क्षणभर पेटते तो, नव्या तेलात २३० अंशांच्या आसपास होता, तो १७० च्याही खाली आला होता. गॅस क्रोमॅटोग्राफीत तेलात साडेसात टक्के डिझेल मिसळल्याचे दिसले. इंजिनाच्या तळाशी तेल साठते त्या पाच लिटरच्या संपमध्ये हे पाव लिटरहून बरेच जास्त डिझेल झाले, आणि डिपस्टिकवर वाढलेली पातळी त्याचीच होती.

अहवाल देण्याच्या दिवशी दोघांनाही मी एकत्रच बोलावले आणि गाडीचे मॅन्युअल आणायला सांगितले. सुरुवातीलाच मी म्हणाले, "तेल डुप्लिकेट नाही. अस्सल आहे आणि चांगल्या प्रतीचं आहे." गॅरेजच्या मालकांनी एक मोठा श्वास सोडला. मग मी मॅन्युअलमधले वंगणाचे पान उघडून दोघांसमोर ठेवले आणि शेजारी कॅन उभा केला. पानावर ५डब्ल्यू-३०, एसीईए सी३ असे लिहिले होते, तर कॅनवर ५डब्ल्यू-४०, एसीईए ए३/बी४. यातला ३० किंवा ४० हा तापलेल्या तेलाच्या दाटपणाचा ग्रेड असतो, आणि सी३ किंवा ए३/बी४ हे एसीईए या युरोपातल्या वाहन उत्पादकांच्या संघटनेने ठरवलेले तेलांचे वर्ग.

"पण मॅडम, हे त्याच्यापेक्षा भारी ऑइल आहे," गॅरेजचे मालक म्हणाले. "जास्त टीबीएन, जास्त किंमत. मी स्वस्तातलं टाकून पैसे खाल्ले असते, तर गोष्ट वेगळी."

त्यांचे म्हणणे प्रामाणिक होते आणि त्याला जुन्या अनुभवाचा आधारही होता. डिझेलमध्ये गंधक जास्त असे त्या काळात ज्वलनातून आम्ल जास्त तयार होई, म्हणून जास्त टीबीएनचे तेल खरोखरच सरस ठरे. बीएस-३ च्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत ३५० भाग होती, बीएस-४ मध्ये ती ५० झाली आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाल्यावर ती १० वर आली. आम्लच इतके कमी झाल्यावर त्यासाठी तेलात भरमसाट धातुयुक्त द्रव्ये घालण्याचे कारण उरत नाही. उलट तीच द्रव्ये नव्या गाडीत त्रासदायक ठरतात, कारण इंजिनात जे थोडे तेल जळते त्याच्या धातूंची राख होऊन ती डीपीएफमध्ये जाऊन बसते. काजळी जाळता येते, राख जाळता येत नाही. म्हणूनच सी३ तेलात सल्फेटेड अ‍ॅश ०.८ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. या कॅनमधल्या तेलात ती १.३ टक्के होती, आणि ए३/बी४ या वर्गात तेवढी राख पूर्णपणे नियमात बसते.

हे ऐकताच डॉक्टर म्हणाल्या, "म्हणजे चुकीच्या ऑइलमुळेच माझा डीपीएफ तुंबला."

इथे होकार देणे सोपे होते, पण ते खरे नव्हते. राख साठायला फार मोठा काळ लागतो. साडेचार हजार किलोमीटरमध्ये तिच्यामुळे गाळणी तुंबत नाही. हे तेल वर्षानुवर्षे वापरले असते, तर गाळणीचे आयुष्य नक्कीच घटले असते. आत्ताचा दिवा मात्र काजळीचा होता. मी त्यांना त्यांच्या रोजच्या फेऱ्यांबद्दल विचारले. घर ते दवाखाना तीन किलोमीटर, दुपारी परत, संध्याकाळी पुन्हा, मध्येच एखादी व्हिजिट. आठवड्यातून एकदाही गाडी मोकळ्या रस्त्यावर निघत नव्हती.

डीपीएफमधली काजळी जळायला सुमारे ६०० अंशांचे तापमान लागते आणि गर्दीतल्या तीन किलोमीटरमध्ये ते कधीच गाठले जात नाही. मग गाडीचा संगणक काजळी साठल्याचे पाहून सिलिंडरमध्ये उशिराने जास्तीचे डिझेल सोडतो, म्हणजे ते पुढे एक्झॉस्टमध्ये जळून गाळणी तापावी. त्यातले काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीला चिकटते आणि पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली तेलात उतरते. ही प्रक्रिया पुरी व्हायला दहा-पंधरा मिनिटे गाडी सलग चालावी लागते. दवाखान्याच्या दारात इंजिन बंद झाले की प्रयत्न अर्ध्यावर तुटतो, काजळी तशीच राहते आणि पुढच्या फेरीला संगणक पुन्हा डिझेल सोडू लागतो. पेट्रोल गरम तेलातून बऱ्यापैकी उडून जाते. डिझेल तितक्या सहज उडत नाही, ते साठतच राहते.

गॅरेजच्या मालकांनी अहवालावर बोट ठेवून एक नेमका प्रश्न विचारला. तो ऐकून हा माणूस आपले काम मन लावून करतो याची मला खात्री पटली. "मॅन्युअल ३० ग्रेड मागतं. ३० ग्रेडची रेंज ९.३ ते १२.५. आत्ता हे १०.३ आहे. मग हे आपोआप बरोबरच झालं ना?"

आकडा त्या चौकटीत बसतो हे खरे आहे. पण ३० ग्रेडचे तेल आणि डिझेल मिसळून तेवढे पातळ झालेले तेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेअरिंगमध्ये तेलाचा पापुद्रा प्रचंड दाबाखाली, १५० अंशांच्या आसपास आणि वेगाने घासला जात असताना किती दाट राहतो, ते एचटीएचएस या मापाने मोजतात. सी३ तेलाने तिथे किमान ३.५ मिलिपास्कल-सेकंद टिकवायला हवे. आमच्याकडे हे यंत्र नाही, म्हणून नमुना दुसरीकडे पाठवला होता. उत्तर २.८ आले. शिवाय डिझेलने मिश्रणद्रव्ये विरळ केली होती आणि टीबीएनही बराच उतरला होता. सुदैवाने इंजिनाची झीज दाखवणाऱ्या धातूंपैकी लोखंडाचे प्रमाण किंचितच वाढले होते, शिसे, तांबे, कथील जवळजवळ नव्हते. बेअरिंगना अजून इजा झालेली नव्हती, आणि त्या दिवसाच्या अहवालातली माझ्या दृष्टीने सर्वांत चांगली ओळ हीच होती.

चहा आल्यावर वातावरण थोडे निवळले. डॉक्टरांनी विचारले की कॅनवर फुल्ली सिंथेटिक लिहिलेले असते त्याला मग काही अर्थ आहे की नाही. अर्थ आहे. असे तेल उष्णतेत कमी उडते, थंडीत कमी गोठते, उशिरा आंबते. पण त्या नावाखाली पीएओ हे रासायनिक संयोगातून घडवलेले तेलही मिळते आणि खनिज तेलावर हायड्रोजनची तीव्र प्रक्रिया करून बनवलेले ग्रुप ३ चे तेलही मिळते. अमेरिकेत १९९९ मध्ये जाहिरातींच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळासमोर दोन मोठ्या कंपन्यांचा यावर वाद झाला आणि ग्रुप ३ ला सिंथेटिक म्हणण्यास हरकत नाही असे ठरले. दोन्ही प्रकारांत उत्तम तेले आहेत. ५डब्ल्यू मधल्या ५ वर भाळून पैसे मोजण्याचीही आपल्याकडे फारशी गरज नाही, कारण तो आकडा थंडीतल्या ज्या चाचणीतून ठरतो ती उणे ३० अंशांवर होते आणि तशी थंडी महाराष्ट्रात कुठेच पडत नाही. मॅन्युअलमध्ये मात्र ५डब्ल्यूच सांगितले असेल, तर तेच घ्यावे. मी स्वतः कॅन विकत घेताना पुढची बाजू पाहतच नाही. मागे बारीक अक्षरात एसीईएचा वर्ग आणि गाडी बनवणाऱ्या कंपनीची मान्यता दिलेली असते, ती मॅन्युअलमधल्या ओळीशी अक्षर-अक्षर जुळवते, मग सील, बॅच आणि बिल पाहते.

निघताना डॉक्टरांनी विचारले की दोष कोणाचा असे अहवालात लिहून मिळेल का. आम्ही तसे लिहीत नाही आणि लिहूही नये; प्रयोगशाळेने तेलात काय आहे एवढेच सांगावे. तोंडी मात्र मी सांगितले की मॅन्युअल उघडून न पाहणे ही गॅरेजची चूक आहे, परंतु तेलात आलेल्या डिझेलला गॅरेज जबाबदार नाही. डॉक्टरांनी तिथल्या तिथे मालकांची माफी मागितली. त्यांनीही पुढचा ऑइल चेंज मजुरी न घेता करून देण्याचे कबूल केले.

त्याच आठवड्यात तेल काढून सी३ वर्गाचे, कंपनीची मान्यता असलेले ५डब्ल्यू-३० भरले गेले आणि गॅरेजमध्ये स्कॅनर लावून डीपीएफ साफ करून घेतला गेला. डॉक्टर आता दर रविवारी सकाळी नाशिक महामार्गाने शहापूरपर्यंत एका वेगाने गाडी नेऊन आणतात. चार हजार किलोमीटर झाल्यावर त्यांनी पुन्हा नमुना पाठवला. डिझेल दोन टक्क्यांच्या आत होते आणि व्हिस्कॉसिटी १२ वरून ११.२ वर आली होती. मी शेरा लिहिला की मॅन्युअलमधली पूर्ण मुदत न गाठता तेल सात हजार किलोमीटरला बदलावे, आणि त्याआधी पातळी वरच्या खुणेपर्यंत चढली तर लगेच बदलावे.