नकटीचं लग्न

या गाडीला नाक नाही. इतर गाड्यांच्या पुढे बॉनेट म्हणून जो भाग असतो, तो इथं गायबच. सपाट तोंड, दोन गोल दिवे, मधे उभ्या फटींची जाळी, खाली बंपर. आणि बंपर संपला की थेट रस्ता. ड्रायव्हर जवळपास पुढच्या चाकांवर बसतो. इंजिन केबिनमध्येच, ड्रायव्हर आणि शेजारी यांच्या मधोमध, पत्र्याच्या झाकणाखाली. उन्हाळ्यात झाकणाकडची पोटरी भाजते आणि थंडीत दुसरी पोटरी तिचा हेवा करते.

महिंद्राची एफसी १५०. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. मूळची अमेरिकेतल्या विलीज या जीपवाल्या कंपनीची, १९५६ च्या अखेरीस आलेली. ब्रुक्स स्टीव्हन्स या नामांकित डिझायनरचा तिच्या आरेखनात हात होता. ८१ इंचांच्या व्हीलबेसवर (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), म्हणजे साध्या जीपच्या लांबीत, सहा फुटांचा हौदा बसवायचा तर नाक कापण्यावाचून इलाज नव्हता. तिकडं ही गाडी फारशी कुणाला रुचली नाही आणि १९६५ पर्यंत बंदही झाली. इथं मात्र महिंद्रानं ती पुढं चालवली, वाढवली, तिच्यात डिझेल इंजिनं घातली. सगळं वजन पुढं आल्यामुळं उतारावर करकचून ब्रेक लावला की हिची शेपटी हलकी होते. त्यावर तोड म्हणून विलीजनं चासीच्या मागच्या टोकाला मुद्दाम एक वजन बसवलं होतं. आमच्या गाडीत ते सापडलं नाही. असलंच तर कुणीतरी कधीच किलोवर विकून खाल्लं असणार.

गाडी अंगणात ओढून आणली त्या दिवशी बायकोनं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि म्हणाली, "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं." गाडीचं नाव तेव्हाच पडलं. पुढं कळलं की विघ्नांचं फार काही नसतं, ती एकेक करून निघतात. खरी कसोटी वऱ्हाडी मंडळींची असते.

वऱ्हाड कसं जमलं हे मला नीट सांगता येणार नाही. कोल्हापुरात जुन्या जीपचं काम काढलंय हे एका माणसाला सांगितलं की पुरतं. पुढच्या रविवारी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले फोरमन काका स्वतःचा पान्यांचा पेटारा घेऊन फाटकात उभे. त्यांच्यामागं उद्यमनगरातले लेथवाले अण्णा. दोन जुन्या जीप बाळगून असलेले एक दातांचे डॉक्टर. पॉलिटेक्निकमधला एक पोरगा, ज्याच्याकडं गाडी नाही पण जगातल्या सगळ्या जीपची मॅन्युअल मोबाइलमध्ये आहेत. कुणी पैसे मागत नाही, कुणी घेत नाही. चहा मात्र वेळेवर लागतो, आणि लागतो मानपान.

हा मानपान समजायला मला वेळ लागला. डॉक्टरांनी त्यांच्या ठेव्यातली डिस्ट्रिब्युटरची कॅप दिली. फुकट दिली. तेव्हापासून ते फोन करतात आणि "गाडी कशी आहे?" असं विचारत नाहीत; विचारतात, "माझी कॅप कशी आहे?" ज्यानं बेअरिंग दिलं त्याला ग्रीस कुठलं घालायचं यावर मत. ज्यानं हॉर्न दिला त्याला तो घरासमोरून जाताना वाजला पाहिजे. आणि ज्यानं काहीच दिलं नाही, नुसता दोन तास टॉर्च धरून उभा राहिला, त्याचं मत सगळ्यात ठाम. गाडीचे कागद माझ्या नावावर आहेत, पण कागदावर मानपानाचा रकाना नसतो. बायकोनं यावर उपाय म्हणून एक वही घातली: वस्तू, कुणाची, देणगी की उसनी, परत कधी. त्या वहीला मंडळी वचकून असतात.

पहिला तंटा इंजिनावरून झाला. गाडी आली ती पोटात डिझेल इंजिन घेऊन. १९७३ नंतर पेट्रोल भडकलं, आणि पुढच्या काळात देशभरातल्या कित्येक पेट्रोल जीपांची पोटं फाडून जे मिळेल ते डिझेल इंजिन बसवलं गेलं. गिअरबॉक्सशी जमवायला मधे घरगुती प्लेट, माउंटिंगला रेल्वेच्या रुळाचा तुकडा, चाललं तर चाललं. आमच्या गाडीतली अशीच एक प्लेट हातानं कापलेली होती आणि इतकी अचूक की अण्णा ती उन्हात धरून बराच वेळ बघत बसले. "हे कुणी केलंय, त्याला भेटायला पायजे," म्हणाले. डॉक्टरांचं म्हणणं, ती प्लेट भिंतीवर टांगा, पण गाडीत मूळचं पेट्रोल इंजिन, विलीजचं हरिकेनच पाहिजे. फोरमन काकांचं म्हणणं, चालतंय त्याला हात लावू नये. चालत नव्हतंच, पण एसटीत चालत नसलेल्या गोष्टीलाही हात लावण्याआधी वरून मंजुरी लागते, ती सवय.

माझा कल डॉक्टरांकडं होता, आणि तसं का हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. मला हरिकेनचा स्वभाव आवडतो. विलीजचं युद्धकाळातलं इंजिन साठ घोड्यांचं, दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. युद्धानंतर त्यांना जास्त ताकद हवी होती, पण अख्खं नवं इंजिन करायचं नव्हतं. मग त्यांनी इनटेकचा, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणारा, व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेला आणि एक्झॉस्टचा, धूर बाहेर सोडणारा, होता तिथंच, ब्लॉकमध्ये ठेवला. अर्धं नवं, अर्धं जुनं. ताकद सत्तरच्या वर गेली. इंजिनाची उंची मात्र वाढली, आणि सीजे ३बी जीपचं बॉनेट उंच करावं लागलं. आपल्याकडं पोलिसांच्या, पाटबंधाऱ्याच्या, पुढाऱ्यांच्या ज्या जुन्या जीप आठवतात त्यांचा तो फुगलेला माथा यातूनच आला. नकटीला माथ्याचा प्रश्नच नव्हता.

हरिकेन सापडलं ते करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळात, चिपाडाच्या ढिगाआड. कधीकाळी त्यावर पाण्याचा पंप चालायचा म्हणे. गुऱ्हाळमालकानं ते विकायला साफ नकार दिला. मग फोरमन काका बोलायला बसले. दोघांच्या ओळखीचा कुणी तरी निघाला, त्या कुणाच्या तरी लग्नाला दोघंही गेले होते असं निघालं, आणि इंजिन टेम्पोत चढलं. मालकाची अट एकच: पहिली खेप गुऱ्हाळावर आली पाहिजे. वहीत नोंद झाली.

इंजिन खोललं तेव्हा सिलिंडरचे बोअर झिजून गेलेले, पण क्रँक शाबूत. यापुढचं काम उद्यमनगरचं. बाहेरगावच्या माणसाला वाटतं आम्ही कोल्हापूरकर रस्सा आणि कुस्तीवरच बोलतो. आमचा खरा माज लेथवर आहे. शंभर वर्षांपूर्वी बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात बनवला. त्या गावात व्हॉल्व्ह गाइड, म्हणजे व्हॉल्व्ह ज्यात सरकतो ती नळी, मिळत नाही म्हणून कुणी रडत बसत नाही, ओतकामाचा तुकडा घेतो आणि लेथवर चढवतो. अण्णांना मी मापाचा कागद दिला. त्यांनी तो घडी करून खिशात घातला आणि जुनी गाइड बोटात फिरवत राहिले. कागद बहुधा अजून त्या खिशातच आहे. गाइड बरोबर बसल्या.

टॅपेट लावायचा, म्हणजे व्हॉल्व्हमागची फट जुळवायचा, दिवस पॉलिटेक्निकच्या पोराचा होता. इनटेकला १८ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), एक्झॉस्टला १६, इंजिन गार असताना.  इनटेकचे वरून लागतात, एक्झॉस्टचे बाजूचं झाकण काढून, मान वाकडी करून. फोरमन काका फट मोजायची पट्टी, फिलर गेज, हातात न घेता नुसत्या बोटाच्या चाळ्यानं सांगत होते, "दोन नंबर घट्ट आहे." पोरगा मोजायचा, घट्टच निघायचं. तिसऱ्यांदा असं झाल्यावर त्यानं मोबाइल खिशात ठेवला.

पान्यांचं एक वेगळंच प्रकरण. मूळ गाडी अमेरिकन, म्हणजे इंचाची. मधे घुसलेले सगळे जुगाड मिलिमीटरचे. एकाच ब्रॅकेटवर डावीकडं चार सुती, म्हणजे अर्ध्या इंची, नट आणि उजवीकडं तेराचा. चार सुतीला तेराचा पाना चालून जातो, पण साडेचार सुतीला चौदाचा बसत नाही आणि पंधराचा गरगरतो. शिवाय जुन्या जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे, चाक फिरताना आपोआप ढिले होऊ नयेत म्हणून. हे माहीत नसलेला गल्लीतला एक उत्साही पैलवान एका रविवारी मदतीला आला. पान्याला चार फुटी पाइप लावला, बजरंगबलीचं नाव घेतलं आणि स्टड मुळासकट तोडून हातात दिला. सगळे गप्प. मग काका म्हणाले, "ताकद चांगली आहे. दिशा बघा फक्त." पैलवान तेव्हापासून दर रविवारी येतो. तोडण्यानंही हक्क लागतो हे मला नवीन होतं.

गंज काढण्याची तऱ्हा मात्र आमच्या मातीतली. ॲसिड नको, पत्रा खातं, असं डॉक्टरांचं मत. पाण्यात मळी कालवून त्यात लोखंड बुडवून ठेवलं की गंज सुटतो आणि चांगलं लोखंड शाबूत राहतं, ही युक्ती जगभरचे जुन्या गाड्यांचे वेडे वापरतात. पण कारखान्याच्या मळीवर उत्पादन शुल्कवाल्यांचा डोळा. पिंपभर मळी अंगणात का, हे पटवून देणं अवघड. मग त्याच गुऱ्हाळातून आंबलेली काकवी आली. नऊ भाग पाणी, एक भाग काकवी, आणि त्यात कंस, बिजागऱ्या, पेडल. काम हळू होतं, आठवड्यांच्या हिशेबात. वासाबद्दल शेजाऱ्यांनी तोंडावर काही म्हटलं नाही. मुंग्या मात्र पलीकडच्या गल्लीतूनही आल्या. पेडल बाहेर काढलं तेव्हा करड्या रंगाचं, कोरं लोखंड. ॲल्युमिनियम त्यात टाकायचं नसतं, ते खराब होतं. कार्ब्युरेटर म्हणूनच डॉक्टरांनी घरी नेला आणि दातांच्या बारीक हत्यारांनी साफ केला.

आणि तोच ऊस दुसरीकडून आमच्यावर उलटला. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, टाकीच्या तळाचा वर्षानुवर्षांचा गाळ मोकळा करून पुढं ढकलतं. पेट्रोलच्या पंपाचा रबरी पडदा, डायफ्राम, दोनदा गेला. होज बदलल्या, इथेनॉलला टिकणाऱ्या व्हायटॉन रबराच्या घातल्या, मधे फिल्टर लावला. ज्या शिवारात हे इंजिन इतकी वर्षं पडून होतं, त्याच शिवाराच्या उसानं त्याच्या नळ्या फुगवाव्यात, यावर गुऱ्हाळमालक हसले. "आमी काकवी दिली ती औषधाला," म्हणाले, "इथेनॉल आमचं न्हाई, ते कारखान्याचं."

रंगाच्या वेळी मात्र हसायचं कुणाला सुचलं नाही. मागच्या फळीवरचा रंग खरवडताना थर निघत गेले: पांढरा, त्याखाली गुलाबी, त्याखाली निळा, आणि निळ्यावर जाड पिवळ्या अक्षरांत 'जोतिबाच्या नावानं चांगभलं'. अक्षरं नुसती लिहिलेली नव्हती, काढलेली होती. 'च'च्या पोटाला सावली, वेलांटीला शेवटी एक लहानसा झोका. डॉक्टर म्हणाले, गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा फळीवर काही नव्हतं, तेव्हा सगळं खरवडून एकच रंग. पेंटरनं पॉलिश पेपर खाली ठेवला. "देवाच्या नावावर मी हात चालवणार न्हाई. दुसरा बघा."

मला विचाराल तर मूळ रूप ही गोष्टच मला पटत नाही. कारखान्याच्या दारातून निघाली त्या दिवशी ही गाडी कुणाचीच नव्हती. दुधाच्या कॅनांनी, निवडणुकीच्या भोंग्यांनी आणि चैत्रातल्या यात्रेच्या खेपांनी ती कुणाची तरी झाली. डॉक्टरांना हे भाबडं वाटतं. त्यांच्या दोन्ही जीप इतक्या मूळ रूपात आहेत की त्यांत बसताना चपला काढाव्याशा वाटतात, आणि त्या सुंदर आहेत हे मी नाकारणार नाही. शेवटी फळी तशीच राहिली, निळी, टवके उडालेली, वर नुसता वार्निशचा हात. बाकी गाडी डॉक्टरांच्या पसंतीच्या हिरव्या रंगात. समोरून त्यांची, मागून पेंटरची.

कागदांचं काम अजून अर्धवट आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणं पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून 'व्हीए'चा वेगळा नंबर घेता येतो. वीस हजार रुपये भरायचे, दहा वर्षांची मुदत. पण मग ती रोज रस्त्यावर आणायची नाही, धंद्याला लावायची नाही, फार तर प्रदर्शनाला, रॅलीला न्यायची. डॉक्टर म्हणतात घ्या. पैलवान म्हणतो, "मग हौदा कशाला केलाय भावा?" मी तूर्त साध्या नूतनीकरणाचा फॉर्म भरून ठेवला आहे आणि दोघांनाही 'बघू' म्हणालो आहे.

गुऱ्हाळाची पहिली खेप झाली. केबिनमध्ये दोघं, बाकी वऱ्हाड हौद्यात. गिअरबॉक्स तीन गिअरचा आणि पहिल्याला सिंक्रो नाही, म्हणजे वेळ साधूनच तो टाकावा लागतो, त्यामुळं प्रत्येक चढाआधी मागून सामुदायिक सूचना: "आता टाक! थांब! आता!" पुढं दोघं घामानं निथळत, मागं सगळे गार वाऱ्यावर मत देत.

परवा गडहिंग्लजकडून एकाचा फोन आला. त्याला अशीच एक नकटी मिळाली आहे, इंजिनाचा धूर गोळा करणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड फुटलेला. "फोरमन काकांनी सांगितलं, तुमच्याकडचा जादा आहे, रविवारी घेऊन जा म्हणून." मी फोन ठेवून माळ्यावर चढलो. मॅनिफोल्ड जागेवर नव्हता. पुसून, वर्तमानपत्रात बांधून जिन्याखाली ठेवलेला होता. वही उघडी होती. 'उसनी' खोडून बायकोनं 'देणगी' केलं होतं, आणि परत कधी या रकान्यात लिहिलं होतं: त्यांच्या पहिल्या खेपेला आपल्याला बोलवायचं, जेवणासकट.