ए२००० की ए४०००: उद्यमनगरातल्या तीन टेबलांचा हिशेब

शिरोली एमआयडीसीतल्या मित्रानं त्याचं एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड, आरटीएक्स ए४०००, आठ दिवस वापरायला दिलं, म्हणून हे लिहिणं झालं. त्याच्या शॉपचा संगणक दुरुस्तीला गेला होता आणि कार्ड नुसतं पडून होतं. म्हणाला, "घेऊन जा, तुझं एकदाचं समाधान होऊ दे." माझ्याकडे त्या वेळी त्याच कंपनीचं लहान कार्ड, ए२०००, होतं, १२ जीबी मेमरीचं. तिन्ही टेबलांवरची कार्डं बदलायची हे ठरलं होतं, पण कुठलं घ्यायचं यावर दोन महिने घोळ चालला होता.

आधी काम सांगतो, कारण त्याशिवाय कार्डाची गोष्ट अर्धवट राहते. शिवाजी उद्यमनगरात एका मशीन शॉपच्या वरच्या दोन खोल्यांत आमचं ऑफिस आहे. फौंड्रीवाल्यांसाठी आम्ही पॅटर्न (ज्यावरून वाळूचा साचा करतात तो नमुना) आणि कोअर बॉक्सचं (पार्टच्या आत पोकळी ठेवणारा वाळूचा कोअर ज्यात करतात ती पेटी) डिझाइन करतो, मेथडिंग करतो, म्हणजे धातू कुठून आत घ्यायचा, रायझर (धातू आक्रसतो तेव्हा भर घालणारा जादा साठा) केवढा ठेवायचा, ड्राफ्ट (पॅटर्न साच्यातून सुटावा म्हणून उतार) किती द्यायचा. दुसरं काम जुन्या पार्टचं. कोल्हापुरात अजून किती तरी जुनी ऑइल इंजिनं, पंप आणि मशीन चालू आहेत. त्यांची ड्रॉइंग कुणाकडेच राहिलेली नाहीत. मालक तुटका पार्ट पोत्यात घालून आणतो आणि म्हणतो, असाच पाहिजे. मग स्कॅन करायचा, त्यावरून मॉडेल उभं करायचं आणि पॅटर्नला पाठवायचं.

इतकी वर्षं आम्ही साधी गेमिंग कार्डं वापरली. कार्डं वाईट नव्हती. पण सॉलिडवर्क्स या आमच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये रिअलव्ह्यू (मॉडेल खऱ्या धातूसारखं दाखवणारी सोय) चालायचं नाही, आणि सेक्शन कापून मॉडेल फिरवलं की कडांच्या रेषा तुटक दिसायच्या. आमची डिझाइनर एकदा कोअर प्रिंटची (कोअर साच्यात टेकतो त्या जागेची) कड म्हणून शेजारचीच कड निवडून बसली आणि ते चेकिंगला गेल्यावर सापडलं. ते मोल्डिंगपर्यंत पोचलं असतं तर अख्खी हीट (भट्टीत एका वेळी वितळवलेला धातू) वाया गेली असती. प्रोफेशनल कार्डाला जास्त पैसे का मोजायचे, याचं माझं उत्तर तेच आहे. चिप तीच असते. गेमिंगच्या ३०७० टीआयमध्ये आणि ए४००० मध्ये एकच जीए१०४ चिप आहे, कुडा कोअरही (चिपमधले हिशेब करणारे छोटे भाग, साच्यातला कोअर नव्हे) दोन्हीकडे ६१४४. पण गेमिंगवाल्यात मेमरी ८ जीबी आणि वीज २९० वॉट, तर ए४००० मध्ये मेमरी १६ जीबी, तीही ईसीसीची (आपल्या चुका स्वतः सुधारणारी), आणि वीज १४० वॉट. वर सॉफ्टवेअर कंपनीनं तपासून पास केलेला ड्रायव्हर. आम्ही पैसे देतो ते या ड्रायव्हरचे आणि मेमरीचे.

आता दोघांची ओळख. दोन्ही कार्डं एनव्हिडियाच्या अँपिअर नावाच्या चिप-पिढीची, दोन्ही २०२१ सालची. ए४००० एप्रिलमध्ये जाहीर झालं, ए२००० ऑगस्टमध्ये. ए२००० आधी ६ जीबीचं आलं, १२ जीबीचं त्याच वर्षाच्या शेवटी. ए२००० मध्ये ३३२८ कुडा कोअर, मेमरीचा वेग सेकंदाला २८८ जीबी आणि वीज फक्त ७० वॉट. ए४००० मध्ये कोअर ६१४४ आणि मेमरीचा वेग ४४८ जीबी. कागदावर एक ८ टेराफ्लॉपचं (एक टेराफ्लॉप म्हणजे सेकंदाला लाख कोटी हिशेब), दुसरं १९.२ चं. कुणीही म्हणेल, हे दुपटीहून मोठं आहे, डोळे झाकून मोठंच घ्या. मीही तेच म्हणत होतो.

पहिले दोन दिवस मी रोजचंच काम ए४००० वर केलं. गिअरबॉक्स हाउसिंगचं मॉडेल, त्याचे चार कोअर, पूर्ण मोल्डची असेंब्ली. मॉडेल फिरवलं, सेक्शन कापला, ड्रॉइंगची शीट उघडली. मग तीच फाइल शेजारच्या टेबलावर ए२००० वर उघडली. फरक जाणवला नाही. टास्क मॅनेजर उघडून बघितलं तर दोन्हीकडे कार्ड निवांत होतं आणि प्रोसेसरचा एकच कोअर शंभर टक्क्यांवर धावत होता. फिलेट (कडेची गोलाई) बदलली की मॉडेल रीबिल्ड व्हायला जो वेळ जातो, तो सगळा प्रोसेसरचा असतो. मेथडिंगचं सिम्युलेशन चालवलं, तेही आमच्याकडे प्रोसेसरवरच चालतं. धातू गोठायला जितका वेळ ए२००० वर लागला, तितकाच ए४००० वर. नुसतं मॉडेलिंग आणि ड्रॉइंग करणाऱ्या टेबलाला ए४००० घालणं म्हणजे पैसे गुंतवून ठेवणं. त्या पैशात चांगला प्रोसेसर आणि रॅम घ्या, कामाला वेग येईल.

रेंडरमध्ये, म्हणजे मॉडेलवरून फोटोसारखं चित्र काढण्यात, मात्र मोठं कार्ड मोठंच निघालं. एका व्हॉल्व्ह बॉडीचं कापलेलं चित्र, आत कोअर दिसतोय असं, ए२००० वर चौदा मिनिटांत झालं आणि ए४००० वर आठ मिनिटांत. म्हणजे दुप्पट नाही, पण हातात घड्याळ धरून बसावं लागत नाही इतका फरक. आम्ही रेंडर गिऱ्हाइकाला खूष करायला करत नाही. मोल्डिंगवर काम करणाऱ्या माणसाला टू-डी ड्रॉइंगपेक्षा असं चित्र लवकर कळतं, कोअर कुठल्या बाजूनं बसवायचा हे विचारायला फोन येत नाही. पण असली चित्रं दिवसाला चार-पाच. जेवायच्या सुट्टीत लावून ठेवली तरी भागतं. एवढ्यासाठी मी ए४००० घेतलं नसतं.

माझं मत फिरलं ते स्कॅनवर. कागलकडच्या एका शेतकऱ्याच्या जुन्या इंजिनाची सिलिंडर हेड आली होती. वॉटर जॅकेटच्या (आत पाणी फिरायच्या पोकळीच्या) बाजूला चीर गेलेली, एका कोपऱ्यात कुणी तरी ब्रेझिंग (पितळेची झाळ) करून ठेवलेलं. आतल्या वाटा दिसाव्यात म्हणून आम्ही ती वरून, खालून, कापून असे सहा स्कॅन घेतले. स्कॅनमधला पृष्ठभाग छोट्या त्रिकोणांचा बनतो, प्रत्येक स्कॅनमध्ये असे कोट्यवधी त्रिकोण. सहाही एकमेकांवर जुळवताना सगळे एकदम उघडे लागतात, आणि बाजूला सॉलिडवर्क्समध्ये नवं मॉडेल चालू असतं, कारण माप घेत घेत ते उभं करायचं असतं. ए२००० वर मेमरी १२ जीबीला टेकली आणि तिथून पुढे कार्ड संगणकाच्या रॅममधून डेटा ओढायला लागलं. माउस हलवला की चित्र एका क्षणानं मागून यायचं. पोर्टच्या कडेवर बिंदू ठेवायचा तर तो दोन मिलिमीटर पुढेच जाऊन बसायचा. हेच काम ए४००० वर तेरा जीबीच्या वर गेलं आणि तरीही हात आणि चित्र बरोबर चाललं. दोन दिवसांचं जुळवणीचं काम एका दिवसात संपलं. त्यात कोअरची संख्या किती उपयोगी पडली कोण जाणे, पण १६ जीबी आणि तो मेमरीचा वेग यांचा फरक मी बोटांनी अनुभवला.

आणखी एक गोष्ट या टेस्टमध्ये ध्यानात आली. ती आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. आमचे दोन संगणक ऑफिसात वापरतात तसले लहान डब्याचे आहेत. त्यांत उंच कार्ड मावत नाही, पॉवर सप्लायही बेताचा. ए२००० अर्ध्या उंचीचं आहे, बॉक्समध्ये डब्याला कार्ड बसवायच्या दोन्ही पट्ट्या येतात, एक लहान डब्यासाठी, एक मोठ्यासाठी. वेगळी वायर लागत नाही, स्लॉटमधूनच वीज घेतं. ए४००० एकाच स्लॉटात बसतं हे छान आहे, पण ते पूर्ण उंचीचं आणि साडेनऊ इंच लांब आहे, शिवाय सहा पिनची वायर लागते. म्हणजे त्या दोन टेबलांना ए४००० द्यायचं तर डबा, पॉवर सप्लाय आणि यूपीएस तिन्ही बदलायचे. उद्यमनगरात दुपारी लाइट लुकलुकते, यूपीएसवर ७० वॉट आणि १४० वॉट यात सेव्ह करायला मिळणाऱ्या मिनिटांचा फरक पडतो.

आणि धूळ. खाली मशीन शॉप, पलीकडे फेटलिंग (कास्टिंग घासून साफ करायचं काम), त्यामुळे आमच्या खोलीत काळी बारीक पूड येतेच. दोन्ही कार्डांना ब्लोअरचा एकच पंखा आहे, हवा मागच्या पट्टीतून बाहेर टाकतो. दर महिन्याला पहिल्या सोमवारी, शॉप बंद असतं तेव्हा, मी डबे उघडतो. जुन्या कार्डाच्या पंख्याच्या पात्यावर बोट फिरवलं तर कास्ट आयर्नची पूड बोटाला चिकटते, ग्राफाइटसारखी गुळगुळीत. पेंटचा मऊ ब्रश, पंखा बोटानं धरून, आणि मग हलकी फुंकर. पंखा मोकळा सोडून हवा मारू नका, पातं उलटं फिरतं आणि बेअरिंग जातं. ए४००० चा पंखा रेंडरच्या वेळी ऐकू येतो, ए२००० चा खालच्या लेथपुढे कानावरच येत नाही.

पैशांचं सांगतो. जाहीर झाली तेव्हा ६ जीबीचं ए२००० ४४९ डॉलरचं होतं आणि ए४००० हजार डॉलरचं. मला कोल्हापुरात जे कोटेशन मिळालं, त्यात एका ए४००० च्या पैशात १२ जीबीची दोन ए२००० येऊन वर केबलपुरते पैसे उरत होते. कोटेशन घेताना एक काळजी घ्या. मी एकदा १२ जीबीची ऑर्डर दिली आणि ६ जीबीचं कार्ड आलं. बाहेरून दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात. बिलावर नुसतं 'आरटीएक्स ए२०००' लिहिलं होतं, त्यामुळे परत करायला पंधरा दिवस खेपा घातल्या. कार्ड बसवल्यावर पहिल्यांदा कमांड प्रॉम्प्टमध्ये एनव्हिडिया-एसएमआय (nvidia-smi, कार्डाची माहिती दाखवणारी कमांड) चालवा. १२ जीबीचं असेल तर नावातच १२ जीबी लिहून येतं. बिलावरही ते लिहून घ्या. आणि ए२००० ला चारही पोर्ट मिनी डिस्प्लेपोर्ट आहेत, ए४००० ला पूर्ण आकाराचे. मॉनिटरच्या केबल आधीच मागवा, राजारामपुरीत ऐनवेळी मिळतीलच असं नाही.

शेवटी असं ठरलं: मॉडेलिंगच्या दोन टेबलांना १२ जीबीची ए२०००, आणि स्कॅनच्या टेबलाला एक ए४०००. तिन्ही ठिकाणी ए४००० घालायचा माझा आग्रह मी सोडला. अँपिअरनंतरच्या एडा पिढीचं आरटीएक्स २००० मी बघितलं आहे, ७० वॉटमध्ये १६ जीबी देतं, म्हणून लहान डब्यात स्कॅनचं काम करायचं असेल तर त्याचा विचार जरूर करावा. त्याची मेमरीची बस (डेटा जायची वाट) १२८ बिटचीच असल्यानं वेग २२४ जीबी, म्हणजे ए२००० पेक्षाही कमी. माझ्या स्कॅनला तो वेग लागतो, म्हणून मी ए४००० वर थांबलो.

मित्राचं कार्ड परत करायच्या आदल्या संध्याकाळी आबा ऑफिसात आले होते. त्यांनी चाळीस वर्षं सागवानात पॅटर्न केले, संगणकापुढे फारसे बसत नाहीत. त्या सिलिंडर हेडचं मॉडेल ए४००० वर उघडं होतं, मी सेक्शन हळूहळू सरकवत होतो. वॉटर जॅकेटपाशी त्यांनी हात धरून मला थांबवलं. काचेवर बोट टेकवलं आणि म्हणाले, "हितं भिंत पातळ हाय बघ. कोअर जरा जरी हलला तर फुटणार." माप घेतलं, तीन मिलिमीटर होती. जुन्या पार्टलाही चीर बरोबर तिथूनच गेलेली. आम्ही ती साडेचार केली आणि दुसऱ्या दिवशी पॅटर्नला पाठवली.