रिकाम्या पोटी आतड्यात काय चालते

पोटात कावळे ओरडू लागले की आपण त्याला भूक म्हणतो. पण त्या वेळी लहान आतडे बहुधा साफसफाईत गुंतलेले असते. उपाशी अवस्थेत, साधारणपणे दर 90 ते 120 मिनिटांनी, आकुंचनांची एक जोरदार लाट जठराकडून लहान आतड्यातून हळूहळू खाली सरकते आणि उरलेसुरले अन्नकण व जिवाणू मोठ्या आतड्याकडे लोटते. जठरातून सुरू होणाऱ्या लाटेमागे मोटिलिन हे 22 अमिनो आम्लांचे संप्रेरक असते; लहान आतड्याच्या वरच्या भागातील पेशी ते ठरावीक अंतराने रक्तात सोडतात. जेवण सुरू होताच हे चक्र थांबते आणि अन्न घुसळणारी अनियमित आकुंचने सुरू होतात. (सतत काहीबाही चघळणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.)

एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक मोटिलिनच्याच ग्राहींना (म्हणजे पेशींवरील ज्या रेणूंना मोटिलिन चिकटते त्यांना) चिकटते आणि तशीच आकुंचने घडवते. त्यामुळे ते घेतल्यावर अनेकांच्या पोटात मुरडा येतो. उलट, जठराची हालचाल मंदावलेल्या काही रुग्णांना डॉक्टर तेच औषध अल्प मात्रेत देतात. उंदरांमध्ये मोटिलिनचे कार्यक्षम जनुकच नाही, म्हणून प्रयोगशाळेतला हा नेहमीचा प्राणी येथे निरुपयोगी ठरतो आणि या संप्रेरकाविषयीची बरीचशी माहिती कुत्र्यांवरील प्रयोगांतून मिळालेली आहे.