तुम्ही विचारलंत म्हणून: साखरेपासून होतं, तर अजून तेलच का?

मी उत्प्रेरकांवर काम करतो हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. साखर आंबवून लॅक्टिक आम्ल मिळतं, त्याचं अ‍ॅक्रिलिक आम्ल करता येतं म्हणता; मग रंग, गोंद, डायपर यांच्यात लागणाऱ्या या आम्लासाठी अजून खनिज तेलच का लागतं?

कागदावर काम अगदीच सोपं आहे. लॅक्टिक आम्लाच्या रेणूतून पाण्याचा एक रेणू काढायचा, बस्स. ९० ग्रॅममधून ७२ ग्रॅम अ‍ॅक्रिलिक आम्ल, उरलेलं १८ ग्रॅम पाणी.

पण रेणू मोठा खट्याळ. कार्बन तीन आणि ऑक्सिजनही तीन. ३०० अंशांच्या वर तापवला की पाणी सोडायचं सोडून तो कार्बन मोनॉक्साइड नाहीतर डायऑक्साइड टाकून अ‍ॅसिटाल्डिहाइड होऊन बसतो. उत्प्रेरक तीव्र आम्लधर्मी असेल तर हे जास्तच. म्हणून झिओलाइटमध्ये (सूक्ष्म छिद्रांचं खनिज, हाच उत्प्रेरक) सोडियम-पोटॅशियम घालून त्याची धार कमी करतात. कॅल्शियम फॉस्फेटही वापरतात. आमचा बहुतेक वेळ नको त्या क्रिया थोपवण्यातच जातो.

तेलवाल्यांचं गणित उलटं. खनिज तेलातून मिळणाऱ्या प्रोपिलीन वायूमध्ये ऑक्सिजन नसतोच. हवेतला घालायचा, आधी अ‍ॅक्रोलीन, मग अ‍ॅक्रिलिक आम्ल. ही पद्धत कित्येक दशकं घासूनपुसून लख्ख झालीय. आमचा कच्चा माल पाण्यात विरघळलेला. ते सगळं पाणी वाफ करायचं आणि शेवटी पुन्हा वेगळं काढायचं. त्यात उत्प्रेरकावर कार्बनचा थर साचून तो मंदावतो. शोधनिबंधात सुरुवातीच्या तासांचा उतारा, म्हणजे किती माल निघाला तो आकडा, ठळक छापलेला असतो. मी आधी शेवटच्या तासाचा बघतो.

जिप्सम नावाच्या टाकाऊ क्षाराबद्दल मात्र कोणी विचारत नाही. आंबवताना आम्लता वाढू नये म्हणून चुना घालतात, मग आम्ल सोडवायला गंधकाम्ल. या जुन्या पद्धतीत टनभर लॅक्टिक आम्लामागे जवळपास टनभर जिप्सम निघतं.

माझं मत विचाराल तर ऑक्सिजन उपटून काढण्यापेक्षा वनस्पतीने जे आयतं बांधून दिलंय ते वापरावं. लॅक्टिक आम्लाचं पॉलिलॅक्टिक आम्ल हे प्लॅस्टिक करताना तो बराचसा तसाच राहतो, आणि ते बाजारात आहेच. एरंडेलातल्या रिसिनोलिक आम्लाची लांब साखळी तोडून, त्यातल्या अकरा कार्बनच्या तुकड्यापासून नायलॉन-११ तर कित्येक दशकं बनतंय. गंमत म्हणजे ती साखळी तोडायला नुसती उष्णता पुरते, आमचा उत्प्रेरक लागतही नाही.